खाणीचा शेजार

घराच्या पायात, रस्त्याच्या पोटात आणि शाळेच्या स्लॅबमध्ये जो फोडलेला दगड जातो, त्याला आपण मराठीत खडी म्हणतो. आपल्याच गल्लीतला कन्नड शेजारी तिला जल्ली म्हणतो. तिकडे दूर ग्वाल्हेरला, लष्करातल्या दौलतगंजासारख्या पेठेत, मराठी घरांतूनही बाहेरच्या व्यवहारात गिट्टी हाच शब्द चालतो आणि खाणीला खदान म्हणतात. नावे तीन, पण माल एक. आणि हा माल जिथून निघतो, त्या खाणीच्या शेजारी राहणाऱ्या माणसाचे गाऱ्हाणेही एकच. भिंतीला तडे गेले, विहिरीचे पाणी खाली गेले, धुळीने पीक करपले, डंपरमुळे पोरांना शाळेत पाठवायची भीती वाटते. खाण आहे तेवढीच राहिली, तर माणूस कुरकुरत का होईना पण सोसतो. मात्र खाणवाला शेजारची आणखी जमीन घेऊन विस्तार करणार अशी बातमी आली की कुरकुरीचे रूपांतर हरकतीत होते.

या हरकतीला काही इतिहास आहे का? शेजाऱ्याचे म्हणणे ऐकून घ्यावे हे आजच्या काळाचे फॅड आहे, की आपल्या जुन्या व्यवहारातही त्याला जागा होती? हा प्रश्न मनात धरून प्रस्तुत लेखात ग्वाल्हेरच्या दगडाची हकीकत सांगण्याचा विचार आहे. ग्वाल्हेर अशासाठी की, दगडावर उभे राहिलेले आणि दगडावरून भांडत आलेले असे दुसरे शहर मराठी माणसाच्या इतिहासात क्वचितच सापडेल. आणखी एक कारण असे की, घरात एक भाषा आणि कचेरीत दुसरी, ही आपल्या सीमाभागातली स्थिती ग्वाल्हेरच्या मराठी माणसाने दोनशेहून अधिक वर्षे अनुभवली आहे. कुसुमावती देशपांडे यांच्या अध्यक्षतेखाली १९६१ साली जे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, ते याच शहरात. संमेलनाध्यक्षपदाचा मान एका स्त्रीला मिळाला तो त्या वेळी पहिल्यांदाच.

ग्वाल्हेरचा किल्ला ज्या डोंगरावर आहे, त्याचे जुने नाव गोपाचल. हा डोंगर विंध्य पर्वतरांगेच्या वालुकाश्माचा. आपल्याकडे गोकाकचा धबधबा ज्या जातीच्या दगडावरून कोसळतो, त्याच्याशी दूरचे नाते सांगणारा हा दगड. थरांचा, छिन्नीला वश होणारा, उन्हात पिवळसर दिसणारा. सह्याद्रीच्या काळ्या कातळासारखा तो हट्टी नाही. म्हणूनच या डोंगरात माणसाने केवळ दगड काढला नाही, तर दगड तिथेच ठेवून त्यात मंदिरे आणि मूर्ती कोरल्या. किल्ल्याच्या वाटेवरचे चतुर्भुज मंदिर असेच एकाच खडकातून कोरलेले आहे. त्यातला इ.स. ८७६ चा शिलालेख गणिताच्या इतिहासात प्रसिद्ध आहे, कारण शून्याचे चिन्ह असलेल्या भारतातल्या जुन्या कोरीव लेखांत त्याची गणना होते. पण मला तो वेगळ्याच कारणासाठी महत्त्वाचा वाटतो. त्या लेखात एका फुलबागेसाठी दिलेल्या जमिनीचे माप आहे. लांबी २७० हात, रुंदी १८७ हात. देवाला बाग द्यायची तरी ती कुठून कुठपर्यंत, हे दगडात कोरून ठेवायचे. म्हणजे उद्या कोणी शेजारी म्हणणार नाही की माझी हद्द आत आली. पुढे पंधराव्या शतकात तोमर राजांच्या काळी याच डोंगराच्या कड्यांवर भव्य जैन मूर्ती कोरल्या गेल्या. १५२८ साली बाबर ग्वाल्हेरला आला, तेव्हा त्याने त्या पाहिल्या आणि त्या फोडण्याचा हुकूम दिला, असे त्याने स्वतःच्याच आत्मचरित्रात लिहून ठेवले आहे.

या किल्ल्याच्या पायथ्याशी १८१० साली दौलतराव शिंद्यांनी आपली छावणी टाकली. छावणी म्हणजे लष्कर. तंबू गेले, घरे आली, पण नाव तेच राहिले. लष्कर हे एक शहरच झाले. त्यातल्या दौलतगंज पेठेच्या कपाळावर दौलतरावांचे नाव आजही आहे. तंबूच्या जागी घर बांधायचे तर दगड हवा, आणि दगड तर उशाशीच. वाडे, घाट, मंदिरे, छत्र्या, पुढे १८७४ साली पूर्ण झालेला जयविलास प्रासाद, या साऱ्या बांधकामाच्या काळात ग्वाल्हेरच्या पाथरवटांच्या पिढ्या पोसल्या गेल्या. जयाजीराव शिंद्यांच्या कारकिर्दीत मेजर कीथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली या कारागिरांनी एक प्रचंड नक्षीदार दरवाजा घडवला. तो १८८३–८४ च्या कलकत्त्याच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात मांडला गेला आणि नंतर समुद्रमार्गे लंडनला गेला. तेथील व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संग्रहात तो आहे. हा दरवाजा करवून घेण्यामागे कीथचा हेतू कारागिरांच्या हाताला काम मिळावे हाही होता. तात्पर्य, दगडाची खाण म्हणजे केवळ धूळ आणि आवाज नव्हे. तिच्यावर पाथरवट, वडार, गाडीवान, लोहार अशा अनेकांच्या चुली पेटत आल्या आहेत. खाणीच्या शेजाऱ्याची बाजू मांडताना हे विसरणे न्यायाचे होणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जुन्या मराठी व्यवहारात शेजाऱ्याला कोणते स्थान होते? ज्यांनी घरातली जुनी खरेदीखते उलगडून पाहिली असतील, त्यांना चतुःसीमा हा शब्द माहीत असेल. पूर्वेस अमक्याचे शेत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस तमक्याची जिरायत, उत्तरेस गाडीवाट. जमीन कुणाची हे सांगताना तिच्या चारी बाजूंना कोण आहे हे सांगावेच लागे. जमिनीची ओळख शेजाऱ्यांवरून होई. मराठेशाहीत शिवेचा किंवा वतनाचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. तिच्यात देशमुख-देशपांडे असत, पाटील-कुलकर्णी असत, तसेच आजूबाजूच्या गावचे लोक आणि बलुतेदारही असत. निवाड्याचा जो कागद होई, त्याला महजर म्हणत. त्यावर सर्वांच्या साक्षी पडत आणि ज्याला अक्षर येत नसे, तो आपल्या धंद्याची निशाणी करी. कुणब्याचा नांगर या कागदांवर आजही पाहायला मिळतो. त्या व्यवस्थेचे गोडवे गाण्याचे कारण नाही. तिच्यात जातीची उतरंड होती, स्त्रीला आवाज नव्हता, आणि बलवंताच्या दाराशी न्याय वाकत असे. पण एक गोष्ट मान्य केली पाहिजे. ज्याला लिहिता येत नाही, त्याचे म्हणणेही कागदावर उतरले पाहिजे, हे तत्त्व तिला ठाऊक होते.

इंग्रजी अमलात आणि नंतर स्वतंत्र भारतात खाणीचे कायदे झाले, तेव्हा मालक कोण, स्वामित्वधन किती, कामगाराची सुरक्षितता कशी, याचा विचार झाला. शेजारी मात्र कागदातून बाहेर पडला. १९५७ च्या खाणी व खनिजे अधिनियमाने इमारतीचा दगड, खडी, साधी माती आणि साधी वाळू यांना गौण खनिजे ठरवले आणि त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्यांकडे दिला. मध्य प्रदेशचे आजचे गौण खनिज नियम १९९६ चे आहेत. यातला गौण हा शब्द पुढे फार महाग पडला. सोने, लोखंड, मँगनीज ही प्रमुख, आणि दगड-खडी गौण. किमतीच्या दृष्टीने ते बरोबर असेलही. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात दरवर्षी सुमारे ५,००० कोटी टन वाळू-खडी वापरली जाते. पाण्याखालोखाल माणूस सर्वांत जास्त वापरतो ती ही वस्तू. शिवाय लोखंडाची खाण बहुधा दूर रानात असते, पण खडीची खाण गावाच्या कुशीतच असावी लागते, कारण खडी जड आणि स्वस्त. तिला लांबून आणायचे तर मालापेक्षा भाडे जास्त. म्हणजे ज्या खाणीला सर्वांत जास्त शेजारी, तीच कायद्याच्या लेखी गौण!

या गौणपणाचा परिणाम काय होतो, हे ग्वाल्हेरच्या परिसरात चांगले दिसते. ग्वाल्हेर-झाशी रस्त्यावर बिलौआच्या आसपास काळ्या दगडाच्या खाणी आणि क्रशर उभे राहिले. उत्तरेला मुरैना जिल्ह्यात वालुकाश्माच्या खाणी वाढल्या. त्या मुरैना जिल्ह्यात, ग्वाल्हेरपासून तासाभराच्या वाटेवर, पडावलीजवळ बटेश्वर नावाचे ठिकाण आहे. गुर्जर-प्रतिहारांच्या काळातली, आठव्या ते दहाव्या शतकातली सुमारे दोनशे लहान-मोठी मंदिरे तिथे दगडांच्या ढिगाऱ्यात पडली होती. २००५ च्या सुमारास पुरातत्त्व खात्याचे भोपाळचे प्रमुख के. के. मुहम्मद यांनी एकेक दगड जुळवून ती पुन्हा उभी करण्यास सुरुवात केली. तो मुलूख निर्भय गुज्जरसारख्या डाकूंच्या वावराचा. डाकूंची समजूत घालून काम सुरू झाले. त्याच वर्षी निर्भय गुज्जर पोलिसांच्या चकमकीत मारला गेला. डाकूंची भीती संपली, तशी दगडाची बेकायदा खाणकामे जवळ सरकली आणि सुरुंगांच्या हादऱ्यांनी नुकतीच उभी केलेली मंदिरे खिळखिळी होऊ लागली. खुद्द मुहम्मद यांनी ही हकीकत पुढे अनेकदा सांगितली आहे. सरकारी वाटा खुंटल्यावर त्यांनी तेव्हाचे सरसंघचालक सुदर्शन यांना पत्र लिहिले, आणि मग चक्रे हलली. साठाहून अधिक मंदिरे त्यांनी उभी केली. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

या कथेतले दोन धडे लक्षात घेण्याजोगे आहेत. एक असा की, संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकाम व खाणकामास मनाई आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित क्षेत्र, हा नियम १९९२ पासून अस्तित्वात होता. तरीही हादरे बसत राहिले. नियम असणे आणि नियम पाळला जाणे यांत कोसांचे अंतर असते. दुसरा धडा असा की, एका वरिष्ठ अधिकाऱ्याला देखील आपली हरकत ऐकवण्यासाठी आडवळणाने जावे लागले. मग खाणीच्या बांधावर राहणाऱ्या साध्या शेतकऱ्याची काय कथा! याच मुरैना जिल्ह्यात बानमोर येथे ८ मार्च २०१२ रोजी नरेंद्र कुमार हे तरुण पोलीस अधिकारी दगड भरलेला ट्रॅक्टर अडवताना चिरडले जाऊन मृत्यू पावले. दगडाला गौण म्हणणाऱ्यांनी हे विसरू नये.

शेजारी कागदात परत कसा आला, ही कथाही सांगितली पाहिजे. तिची सुरुवात एका पत्रानेच होते. १९८३ साली डेहराडूनच्या एका संस्थेने सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहून दून खोऱ्यातल्या चुनखडीच्या खाणींमुळे डोंगर उघडे पडत आहेत आणि झरे आटत आहेत अशी तक्रार केली. न्यायालयाने पत्रालाच याचिका मानले. मार्च १९८५ च्या आदेशाने अनेक खाणी बंद झाल्या. खाणवाल्यांचे नुकसान होईल हे न्यायालयाने मान्य केले, पण लोकांचा निरोगी परिसरात जगण्याचा हक्क राखायचा तर ही किंमत मोजावी लागेल अशी भूमिका घेतली. एवढेच नव्हे, तर बेकार होणाऱ्या मजुरांना त्याच डोंगरांवर वनीकरणाच्या आणि मृद्‌संधारणाच्या कामात घ्यावे असेही सुचवले.

त्यानंतर जानेवारी १९९४ मध्ये पर्यावरणीय परिणाम तपासण्याची केंद्राची अधिसूचना आली आणि एप्रिल १९९७ मध्ये तिच्यात जनसुनावणी सक्तीची झाली. मात्र खडी-वाळू तिच्या बाहेरच होती, कारण ती गौण. २००६ च्या नव्या अधिसूचनेने गौण खनिजांनाही कक्षेत घेतले, पण पाच हेक्टरांची मर्यादा ठेवून. मग जे व्हायचे तेच झाले. हरियाणात दगडगोटे, खडी आणि वाळूच्या खाणपट्ट्यांचा लिलाव निघाला. प्रत्येक पट्टा साडेचार हेक्टरांच्या आत! मोठ्या भाकरीचे लहान तुकडे केले की जकात चुकते, हा तो हिशेब. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार खटल्यात न्यायालयाने सांगितले की, पाच हेक्टरांखालच्या गौण खनिजांच्या पट्ट्यांनाही, नूतनीकरण असले तरी, पर्यावरण मंजुरी लागेल. २०१६ साली केंद्राने लहान पट्ट्यांसाठी प्रक्रिया सैल केली. २०१८ च्या सप्टेंबरात राष्ट्रीय हरित लवादाने पाच ते पंचवीस हेक्टरांच्या पट्ट्यांनाही परिणाम-अहवाल आणि जनसुनावणी असली पाहिजे असे बजावले. अशा रीतीने, महजरातून बाहेर पडलेला शेजारी कायद्याने पुन्हा आत आला. ही गोष्ट एका दिवसात झाली नाही. १९५७ पासून मोजले तर साठ वर्षे लागली.

या जनसुनावणीचे स्वरूप प्रत्येक सुशिक्षित कुटुंबाला ठाऊक असावे, म्हणून थोडक्यात सांगतो. नव्या खाणीप्रमाणेच चालू खाणीचा विस्तारही आधी मंजुरी घेतल्याशिवाय करता येत नाही. सुनावणी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ भरवते आणि अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा त्यांचा वरिष्ठ प्रतिनिधी असतो. किमान तीस दिवस आधी वृत्तपत्रांतून सूचना द्यावी लागते, त्यातले एक वृत्तपत्र प्रादेशिक भाषेतले असावे लागते. अहवालाचा मसुदा आणि त्याचा सारांश जिल्हाधिकारी कचेरीत व ग्रामपंचायतीसारख्या ठिकाणी पाहायला मिळतो. गणसंख्येची अट नाही. उपस्थित असलेल्या प्रत्येकाला प्रश्न विचारता येतो. जो येऊ शकत नाही, त्याला लेखी हरकत पाठवता येते. शेवटी नोंदवलेले म्हणणे स्थानिक भाषेत सर्वांना वाचून दाखवावे लागते. आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे, खाणवाल्याने सुनावणीत निघालेल्या प्रत्येक महत्त्वाच्या शंकेला उत्तर देऊन त्याप्रमाणे अहवालात आणि व्यवस्थापन आराखड्यात बदल करायचा असतो.

इथे आपल्यासारख्या दुभाषी जिल्ह्यांचा प्रश्न येतो. स्थानिक भाषा म्हणजे कोणती? एका गावात दोन भाषा असतील तर वाचून कोणत्या भाषेत दाखवणार? २०२० साली याच अधिसूचनेचा नवा मसुदा केंद्राने केवळ इंग्रजी व हिंदीत काढला, तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयाने ३० जूनला तो आठव्या परिशिष्टातल्या सर्व भाषांत उपलब्ध करण्यास सांगितले. केंद्राला ते रुचले नाही आणि वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पण प्रश्न ऐरणीवर आला. आम्हा शिक्षकांना घटनेचे ३५०-अ हे कलम, मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाचे, तोंडपाठ असते. त्याच्याच आधीचे मूळ ३५० वे कलम मात्र आपण वाचत नाही. संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत आपले गाऱ्हाणे कोणत्याही अधिकाऱ्याकडे मांडण्याचा हक्क ते प्रत्येक व्यक्तीला देते. भाषेच्या प्रश्नावर आपण सीमाभागातली माणसे रस्त्यावर उतरलो आहोत. पण भाषेचा हक्क हा पाटीपुरता आणि पुस्तकापुरता नसून विहिरीच्या पाण्यापुरताही आहे, हे आपल्या ध्यानात यायला हवे. आणि हेही ध्यानात यावे की, सुरुंगाचा हादरा बसतो तो मराठी भिंतीला वेगळा आणि कन्नड भिंतीला वेगळा असा बसत नाही. हरकत दोन्ही भाषांत, दोन्ही घरांच्या सह्यांनी गेली, तर तिचे वजन चौपट होते.

हरकत घ्यायची ती कशी? "खाण नको" एवढे दोन शब्द म्हणजे हरकत नव्हे. तिला मोजमाप लागते. सुरुंगाचा हादरा मोजता येतो. खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या १९९७ च्या परिपत्रकात साध्या घरांसाठी कंपनाच्या मर्यादा दिल्या आहेत. जमिनीची थरथर संथ असेल तर सेकंदाला ५ मिलिमीटर, जलद असेल तर १५ मिलिमीटरपर्यंत. जुन्या ऐतिहासिक वास्तूंसाठी हीच मर्यादा २ पासून सुरू होते. क्रशरच्या यंत्रापासून ३ ते १० मीटरांवर हवेतल्या धुळीचे प्रमाण घनमीटरला ६०० मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये असा दंडक आहे. खाण आणि वस्ती यांत सुरुंग नसेल तर १०० मीटर आणि सुरुंग असेल तर २०० मीटर अंतर असावे, अशी शिफारस केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२० साली हरित लवादापुढे केली. म्हणून विचारायचे ते असे : सुरुंग कोणत्या वेळी लावणार? आधी भोंगा वाजणार का? हादऱ्याची नोंद कुठे लावणार? विस्तारापूर्वी आमच्या घरांची पाहणी करून आज असलेले तडे लिहून घेणार का, म्हणजे उद्याचे तडे कुणाचे यावरून वाद होणार नाही? खड्डा पाण्याच्या पातळीखाली जाणार का, आणि गेला तर विहिरींचे माप दर महिन्याला कोण घेणार? रस्त्यावर पाणी मारणार का? डंपरवर ताडपत्री असणार का, आणि शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळी ते थांबणार का? दगड संपल्यावर खड्ड्याला कुंपण कोण घालणार? चांगल्या खाणवाल्याला या प्रश्नांची भीती वाटण्याचे कारण नाही. उलट लेखी उत्तर दिले की त्याचीही डोकेदुखी कमी होते. खाणीच्या आतल्या मजुराबद्दलही विचारले पाहिजे. वालुकाश्म म्हणजे बहुतांश सिलिका. तिची बारीक धूळ वर्षानुवर्षे छातीत गेली की सिलिकोसिस होतो. दहा-वीस वर्षांनी उमटणारा हा रोग बरा होत नाही. कायद्याने तो कळवणे बंधनकारक आहे. पण ज्याचे नाव हजेरीपटावर नाही, त्याचा रोग कोण कळवणार?

काही वाचक म्हणतील की शेजारी म्हणजे सदैव खाणीविरुद्धच असतो का? मुळीच नाही. ग्वाल्हेर जिल्ह्यातच घाटीगावला १९८१ साली माळढोक पक्ष्यासाठी पाचशे चौरस किलोमीटरहून मोठे अभयारण्य घोषित झाले. तिथे या पक्ष्याला सोनचिडिया म्हणतात. त्या क्षेत्रात गावे होती, शेते होती आणि दगडही होता. जमिनीच्या खरेदी-विक्रीवर बंधने आली, खाणी अडल्या, आणि गावकऱ्यांनी हे क्षेत्र मोकळे करा अशी मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. आपल्या सोलापूरकडच्या वाचकांना हे नवीन नाही. नान्नजच्या १९७९ च्या माळढोक अभयारण्याची हद्द ८,४९६ चौरस किलोमीटर होती आणि लोकांच्या तक्रारींनंतर ती १,२२२ वर आली. माळढोक मात्र दोन्हीकडे दुर्मीळ झाला. खाण आणताना लोकांना विचारले नाही तर जे होते, तेच खाण बंद करताना विचारले नाही तरी होते. लोक शत्रू बनतात, आणि ज्याच्या रक्षणासाठी हुकूम काढला तेही वाचत नाही.

शेवटी परदेशातले एक उदाहरण सांगतो, कारण ते शिक्षकाच्या काळजाला हात घालणारे आहे. वेल्समध्ये आबरफान नावाच्या खेड्यावर कोळशाच्या खाणीतल्या टाकाऊ मालाचे डोंगर रचले जात होते. नगर-अभियंत्याने १९६३ साली शाळेमागच्या या ढिगाऱ्यांच्या धोक्याबद्दल पत्र लिहिले. १९६५ च्या जानेवारीत दोन मातांनी शाळेच्या मुख्याध्यापिकेकडे तक्रारीचा अर्ज दिला आणि तिने तो नगरपालिकेकडे पोहोचवला. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी तो डोंगर सरकला आणि शाळेवर आला. १४४ माणसे गेली, त्यांत ११६ मुले होती. मुख्याध्यापिकाही गेल्या. पुढच्या वर्षी चौकशी न्यायाधिकरणाने राष्ट्रीय कोळसा मंडळाला दोषी ठरवले. अर्ज लिहिला गेला होता, पोहोचवलाही गेला होता. उणीव होती ती वाचणाऱ्याची.

आपल्या चतुःसीमेच्या कागदात आणि आबरफानच्या अर्जात एकच गोष्ट सांगितलेली आहे. जमिनीचा तुकडा एकट्याचा कधीच नसतो, त्याच्या चारी अंगांना माणसे असतात. दौलतरावांचे लष्कर ज्या दगडावर वसले, तो दगड काढणाऱ्याला काढू द्यावा. घरे, रस्ते आणि शाळा त्याच्याशिवाय होणार नाहीत. पण तो काढण्यापूर्वी पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, दक्षिणेस आणि उत्तरेस कोण हे विचारावे, त्यांच्या भाषेत विचारावे आणि ते सांगतील ते लिहून घ्यावे. आपल्या तालुक्याच्या ठिकाणी सुनावणीची सूचना लागेल तेव्हा ती वाचणारे, शेजाऱ्याला समजावून सांणारे आणि त्याची निशाणी कागदावर उमटवणारे कोणीतरी घरात असले पाहिजे. या दिवाळीत जुन्या पेटीतले खरेदीखत काढून मुलांना दाखवावे आणि चतुःसीमा म्हणजे काय ते सांगावे, एवढीच एका शिक्षकाची विनंती.